कारंजा म्हणजे कोणतं कारंजा

आर्वीच्या माणसानं "कारंज्याला जाऊन येतो" म्हटलं, तर तो कारंजा घाडगेला निघालाय हे घरातल्यांना सांगावं लागत नाही. मंगरूळपीरच्या माणसानं हेच वाक्य म्हटलं, तर तो कारंजा लाडला निघालेला असतो. पहिला तालुका वर्धा जिल्ह्यातला, दुसरा वाशीम जिल्ह्यातला. कळंब यवतमाळ जिल्ह्यात आहे तसं धाराशिव जिल्ह्यातही आहे. सेलू वर्ध्यात आहे तसं परभणीतही. वडगाव, पिंपरी, खैरी या नावांची तर मोजदादच नको. बोलणारा कुठला, दिवस कोणते, काल काय बोलणं झालं होतं, एवढ्यावरून ऐकणाऱ्याला बरोबर अर्थ लागतो. आणि तो आपोआप लागतो म्हणून कुठं लिहून ठेवावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

एआय एजंटसाठी टूल तयार करताना ही न लिहिलेली माहितीच आडवी येते.

एजंट म्हणजे भाषा समजणारं मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली काही टूल्स, म्हणजे त्याला चालवता येणारे छोटे प्रोग्राम. प्रत्येक टूलला एक नाव असतं, एक वर्णन असतं आणि ते चालवायला कोणती माहिती लागते याचा आराखडा असतो. हा आराखडा, म्हणजे स्कीमा, बहुतेक ठिकाणी जेसन या माहिती लिहायच्या संगणकी पद्धतीत लिहितात. अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, घ्या किंवा इतर कंपन्यांची फंक्शन कॉलिंगची पद्धत घ्या, गाभा हाच आहे. टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. एका बाजूला विचारणाऱ्याचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला हे वर्णन, एवढ्यावर तो कोणतं टूल चालवायचं आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं ते ठरवतो. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट अडल्याचं अनेकदा कळतच नाही; त्याला जास्त शक्य वाटेल ते भरून तो पुढे जातो. उत्तर सफाईदार मराठीत येतं, त्यामुळे चूक उशिरा लक्षात येते, आणि तोवर कुणी तरी त्या उत्तरावर विसंबून गाडी भरलेली असते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांसाठी व्हॉट्सॲपवर असा एजंट बसवते आहे. बाजारभावाच्या टूलचं वर्णन पहिल्या खेपेला साधारण असं लिहिलं जातं: "पिकाचा भाव देते. पीक, बाजार, तारीख द्या." लिहिणाऱ्याला ते पुरेसं वाटतं, कारण आत काय आहे हे त्याला माहीत असतं. पण भाव क्विंटलचा की किलोचा? बाजार समितीकडून किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव येतात, त्यातला कोणता? बाजार बंद होता त्या दिवसाचा भाव मागितला तर काय येईल? कापूस म्हणजे सरकीसकटचा कापूस की जिनिंगमधून निघालेली रुई? रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात खंडी हे धानाचं माप आहे.

तेच वर्णन नीट लिहिलं तर असं होतं:

"एका बाजार समितीतल्या एका पिकाचे एका दिवसाचे भाव देते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव येतात. तिन्ही रुपये प्रति क्विंटल (१०० किलो). शेतकऱ्यानं नुसतं 'भाव काय' विचारलं तर सर्वसाधारण भाव आधी सांगा, मग किमान-कमाल. त्या दिवशी व्यवहार झाला नसेल तर तिन्ही रकाने रिकामे येतात आणि 'शेवटचा व्यवहार' या रकान्यात आधीची तारीख येते. रिकामं म्हणजे शून्य भाव नव्हे. 'कापूस' म्हणजे सरकीसकटचा कच्चा कापूस. रुईचे आणि सरकीचे भाव इथे नाहीत. हमीभावासाठी हे टूल वापरू नका, त्याचं टूल वेगळं आहे. पुढच्या दिवसांचा अंदाज हे टूल देत नाही."

हे लांब वाटेल. पण तीन-चार वाक्यांपेक्षा कमी वर्णन बहुधा अपुरंच असतं, आणि या उताऱ्यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. त्यातही शेवटच्या तीन वाक्यांना मी सर्वांत जास्त किंमत देईन. टूल काय करत नाही हे लिहायचं बहुतेकांच्या हातून राहतं, आणि एकमेकांशी मिळतीजुळती दोन टूल्स असली की एजंटची गल्लत नेमकी तिथंच होते.

बाजाराचा रकाना मोकळा ठेवू नये. स्कीमात ठरलेल्या पर्यायांची यादी देता येते. ती द्यावी, आणि तिच्यात "कारंजा लाड" आणि "कारंजा घाडगे" अशी पूर्ण नावं असावीत. नुसतं "कारंजा" आलं तर काय करायचं हेही वर्णनात सांगावं: सभासदाच्या नोंदीत तालुका असेल तर त्यावरून ठरवा, नसेल तर विचारा. गावांची यादी मात्र एवढी मोठी असते की ती स्कीमात मावत नाही. तिथं गाव शोधायचं वेगळं टूल हवं, जे नावाशी जुळणारी सगळी गावं तालुका-जिल्ह्यासह परत देईल आणि प्रत्येकाचा कोड देईल. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला असा कोड आहे. पुढच्या सगळ्या टूल्सनी नाव न घेता हा कोडच घ्यावा.

शोधाच्या टूलमध्ये शुद्धलेखनाचा प्रश्न येतोच. मूर्तिजापूर, मुर्तिजापूर, मुर्तीजापुर ही एकाच गावाची रूपं आहेत. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, या शब्दातला "ऱ्ह" युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात एकाहून जास्त प्रकारे साठवता येतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे शब्द असतात. जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोध लागणारच नाही. ही कामं टूलच्या आत करावीत. "नाव बरोबर शुद्धलेखनात द्या" असं वर्णनात लिहून भार एजंटवर टाकू नये. अंकांचंही तसंच. जेसनमध्ये संख्या फक्त इंग्रजी अंकांत (0 ते 9) चालते. शेतकऱ्यानं देवनागरीत १२ लिहिलं तर ते संख्या म्हणून जाऊ शकत नाही, आणि मजकूर म्हणून आत गेलं तर फक्त इंग्रजी अंक ओळखणारी तपासणी ते नाकारते.

आता क्षेत्र. कागदावर सगळ्यांत साधा दिसणारा हा रकाना सगळ्यांत जास्त घोळ घालतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. बोलताना मात्र सगळे एकरात बोलतात. रकान्याचं नाव नुसतं "क्षेत्र" असेल तर एजंट १.२१ हा आकडा एकर समजेल की हेक्टर, ते त्या दिवशीच्या वाक्यावर ठरेल. १.२१ हेक्टर म्हणजे जवळपास ३ एकर. याहून बारीक चूक आराची आहे. शेतकरी सांगतो "एक हेक्टर पाच आर". एजंट लिहितो १.५. शंभर आरांचा एक हेक्टर, म्हणून खरं क्षेत्र १.०५ हेक्टर. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो धरलं, तर १.०५ हेक्टरला ७९ किलोच्या आसपास लागतं आणि १.५ हेक्टरला ११२ किलोच्या वर. तीस किलोची एक अख्खी बॅग आणि वर थोडं, एवढा फरक एका शून्यानं पडला. आणि हा आकडा कुठंच अशक्य वाटत नाही, म्हणून कमाल-किमान मर्यादेची तपासणीही तो पकडत नाही.

उपाय आहे. एका रकान्याचे दोन करायचे: "हेक्टर" हा पूर्णांक, "आर" हा ० ते ९९ मधला पूर्णांक. सातबाऱ्यावरून वाचताना किंवा ऐकताना एजंटला मग दशांश करायची वेळच येत नाही. एकरात सांगितलं तर तिसरा रकाना "एकर", आणि वर्णनात एक ओळ: हेक्टर-आर किंवा एकर, दोन्हींपैकी एकच भरा, रूपांतर टूल करेल. उदाहरण म्हणून तेच वाक्य द्यावं: "एक हेक्टर पाच आर म्हणजे हेक्टर १, आर ५". माझ्या मते, वर्णनातल्या दोन परिच्छेदांपेक्षा असं एक अडचणीचं उदाहरण जास्त काम करतं. सोप्या उदाहरणांची गरज नसते. जिथं पाय घसरतो तिथलं उदाहरण द्यावं.

तारखेचं दुखणं याच जातीचं आहे, आणि ते नेमकं पेरणीच्या तोंडावर उपटतं. ०७/०६ म्हणजे आपल्याकडे ७ जून, मृगाची सुरुवात. अमेरिकी पद्धतीनं वाचलं तर ती ६ जुलै होते. दोन्ही तारखा पेरणीच्या हंगामातल्याच, त्यामुळे संशय येत नाही. स्कीमात २०२५-०६-०७ हीच पद्धत सक्तीची करावी, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. शिवाय वेळ भारतीय आहे हे लिहावं. सर्व्हर जागतिक वेळेवर (यूटीसी) चालत असेल तर आपल्याकडचे रात्री १२ ते पहाटे साडेपाच हे तास तिथं आदल्या दिवसात मोजले जातात. पहाटे चारला आलेली संत्र्याची गाडी कालच्या आवकेत दिसते आणि आजची आवक उगाच कमी वाटते.

हमीभावाच्या टूलला एक वेगळीच अडचण आहे: एजंटला आधीच काही तरी माहीत असतं. मॉडेलच्या प्रशिक्षणात जुने हमीभाव येऊन गेलेले असतात, आणि टूल न चालवता तो ते आठवणीतून सांगू शकतो. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता, २०२५-२६ साठी ७,७१०. लांब धाग्याचा त्याच वर्षांत ७,५२१ आणि ८,११०. म्हणून वर्णनात स्पष्ट लिहावं: हमीभाव कधीही आठवणीतून सांगू नका, दर वेळी हे टूल चालवा, आणि उत्तरात हंगामाचं वर्ष सांगा. धाग्याचा प्रकार सक्तीचा ठेवावा, नाही तर दोन्ही भाव परत द्यावेत. वीस क्विंटल कापसावर या दोन भावांत आठ हजार रुपयांचं अंतर पडतं. ओलाव्याची अट उत्तराबरोबरच यावी, कारण शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव तिच्यावर ठरतो.

फवारणीच्या मात्रेचं टूल लिहिताना हात जपून चालवायला हवा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. सॉफ्टवेअरचा तिथं संबंध नव्हता. पण आज त्याच वावरांत उभा राहून कुणी फोनवर मात्रा विचारणार असेल, तर त्या उत्तरामागच्या वर्णनात ढिलाई चालणार नाही.

मात्रेच्या आकड्याला पाया लागतो. दहा लिटर पाण्याला, एका पंपाला, एकराला की हेक्टरला? पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा असतो. दहा लिटरची मात्रा तशीच ओतली तर औषध कमी पडतं, आणि पंपाची मात्रा दहा लिटरची समजली तर जास्त होतं. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला एकरी पाणी कमी लागतं, त्यामुळे त्याच्या द्रावणाचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून टूलनं "२० मिली" असा मजकूर परत देऊ नये. मात्रा, एकक आणि पाया हे तीन वेगळे रकाने असावेत, आणि चौथ्या रकान्यात लेबलवरचं वाक्य जसंच्या तसं. वर्णनात लिहावं की एजंटनं स्वतः गुणाकार-भागाकार करू नये. पंपाचा हिशेब हवा असेल तर टाकी किती लिटरची हे विचारून हिशेबाचं वेगळं टूल चालवावं. त्या पिकावर त्या किडीसाठी औषधाची नोंदणी नसेल तर टूलनं "नोंदणी नाही" असं उत्तर द्यावं, आणि अशा वेळी एजंटनं मनानं दुसरं औषध सुचवू नये, हेही लिहून ठेवावं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग उत्तरात यायलाच हवा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि प्रश्नात चक्कर, उलटी, डोळ्यांची आग, घाम असं काही आलं तर मात्रेचं टूल अजिबात चालवायचं नाही. १०८ ला फोन करा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा, एवढंच सांगायचं. ही सूचना एजंटच्या मुख्य सूचनांत तर हवीच, पण टूलच्या वर्णनातही हवी, कारण निवड करताना एजंट वर्णन वाचत असतो.

आतापर्यंतची टूल्स फक्त वाचणारी होती. बियाण्याची बॅग राखून ठेवणं, सभासदांना संदेश पाठवणं ही टूल्स जगात काही तरी बदलतात. गावातल्या नेटवर्कवर विनंती पोचते आणि उत्तर मात्र परत येत नाही, असं नेहमी घडतं. एजंट समजतो काम झालं नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि एका शेतकऱ्याच्या नावावर चारच्या आठ बॅगा होतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदणीला विनंती क्रमांक सक्तीचा ठेवायचा; तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता जुनीच परत द्यायची. आणि वर्णनात हे सांगायचं: "उत्तर आलं नाही तर त्याच विनंती क्रमांकानं पुन्हा पाठवा, नवा क्रमांक बनवू नका." संदेशाच्या टूलला आधी "फक्त दाखवा" अशी पायरी असावी, जी किती जणांना काय जाणार आहे ते दाखवते आणि प्रत्यक्ष पाठवत नाही. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की नुकसान करू शकणारं, याच्या खुणा देता येतात. त्या जरूर द्याव्यात, पण त्या खुणाच आहेत. परवानगीचं कुलूप सर्व्हरवर असायला हवं.

चूक झाल्यावर टूल जो संदेश देतं तोही वर्णनाचाच भाग मानावा, कारण अडलेला एजंट त्या क्षणी तोच वाचतो. "अवैध विनंती, ४००" यातून त्याला काही कळत नाही आणि तो तेच पुन्हा करून बघतो. "तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं हवी, तुम्ही ०७/०६/२०२५ दिली. ७ जून की ६ जुलै हे शेतकऱ्याला विचारा", एवढं लिहिलं की पुढचं पाऊल बरोबर पडतं. साठ्याच्या यादीतून हजार ओळी परत देऊ नयेत. पन्नास द्याव्यात आणि सोबत "एकूण १,०४० पैकी पहिल्या ५०" हे सांगावं. नाही तर एजंट पन्नासांवरूनच सरासरी काढून मोकळा होतो. सभासदाचा आधार क्रमांक, बँक खातं हे ज्या उत्तराला लागत नाही त्यात मुळीच पाठवू नये. "शेरा" या रकान्यात लोकांनी टाइप केलेला मजकूर असतो. त्यात सूचनेसारखं काही आलं तरी ती सूचना नाही, नुसती नोंद आहे, हे लिहावं.

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत? टूलचं नाव बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. वर्णनाला तशी अट नाही. देवनागरी मजकुराला टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते, जास्त लागतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो. तरी लिहिणाऱ्याला ज्या भाषेत नेमकं लिहिता येतं त्या भाषेत लिहावं, असं मला ठामपणे वाटतं. मोडक्या इंग्रजीतल्या वर्णनानं वाचवलेले टोकन चुकीच्या उत्तरांत जातात. कोणत्याही भाषेत लिहिलं तरी शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द त्यात यायला हवेत: कापूस, कपाशी, पऱ्हाटी हे एकच पीक, वावर म्हणजे शेत, आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन वेगळे बहार.

वर्णन चांगलं झालं की नाही हे वाचून कळत नाही, चालवून कळतं. काउंटरवर येणारे वीस-तीस प्रश्न जसेच्या तसे गोळा करावेत. "पऱ्हाटीले काय भाव हाय आज?" "माह्या नावावर किती बॅगा हाय?" "सोयाबीनचं बी आलं काय?" त्यात ज्यांना एकही टूल लागू होत नाही असेही प्रश्न हवेत: "भाव काहून पडला?" प्रत्येक प्रश्नापुढे कोणतं टूल चालायला हवं आणि रकान्यांत काय भरलं जायला हवं ते आधी लिहून ठेवायचं, मग एजंटला ते प्रश्न द्यायचे आणि प्रत्यक्ष काय झालं ते ताडून बघायचं. नुसतं शेवटचं उत्तर बघू नये. चुकीच्या रकान्यावरूनही कधी कधी बरोबर वाटणारं उत्तर येतं. चूक दिसली की आधी वर्णनात काय राहिलं ते शोधावं. एका वेळी एकच वाक्य बदलावं आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवावेत, कारण एका टूलचं वर्णन सुधारलं की शेजारच्या टूलकडे जाणारे प्रश्न कधी कधी इकडे वळतात. मॉडेल बदललं तरी हेच करावं.

हे वर्णन लिहिणार कोण, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सध्या ते प्रोग्रामर लिहितो, पुण्यात किंवा नागपुरात बसून. आर आणि दशांश यांचा घोळ त्याला माहीत असायचं कारण नाही. तो माहीत असतो गोदामातल्या माणसाला, बॅगा मोजून देणाऱ्याला, तलाठ्याकडे खेपा घालणाऱ्या सचिवाला. त्यांच्यापुढे टूलचं वर्णन कागदावर छापून ठेवावं आणि विचारावं, नव्या पोरानं एवढंच वाचून काम केलं तर तो कुठं चुकेल? ते बोट ठेवतील ती जागा त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. वर्णन आणि स्कीमा कोडसोबत एकाच फायलीत असावेत, म्हणजे कोड बदलून वर्णन जुनं राहणार नाही. आणि प्रत्येक वर्णनाखाली ते शेवटचं कुणी तपासलं आणि कधी, याची ओळ असावी. हंगामात एजंट जिथं जिथं अडला ते प्रश्न यादीत घालत जावेत, आणि मे महिन्यात, बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आधी, ती पूर्ण यादी गोदामातल्या माणसाला शेजारी बसवून पुन्हा एकदा चालवावी.